व्हिस्कीच्या कारखान्यातलं स्थळ

भाचीला आलेलं स्थळ व्हिस्कीच्या कारखान्यात नोकरीला आहे, हे माझ्या धाकट्या भावाने फोनवर सांगितलं तेव्हा मी मेथी निवडत होते. जुडी तशीच खाली ठेवली आणि विचारलं, "मग तू हे मला कशाला सांगतोयस? सरळ नाही म्हणून टाक."

"पोरीला पसंत हाय," तो म्हणाला. "अन् मला काय बी कळंना झालंय. आक्का, तूच बघून सांग. तुला कळतं."

मला कळतं, हे खरं आहे. आमच्या घराण्यात पिणारा माणूस ओळखायचं खातं माझ्याकडे आहे. माणूस दारात चपला कशा काढतो यावरून मी सांगते. पिऊन आलेला माणूस चपला फार नीट काढतो, जोडी जुळवून ठेवतो. बोलतोही फार नीट. एरवी अरेतुरे करणारा अचानक अहोजाहो करायला लागतो. तोंडात वेलदोडा असतो, आणि वेलदोड्याच्या मागे काय आहे ते मला ओसरीवरूनच समजतं. हे ज्ञान मी शाळेत शिकले नाही, जरी सगळं आयुष्य प्राथमिक शाळेत शिकवण्यात गेलं. ते मला संसाराने शिकवलं.

आम्ही पाथर्डीकडचे. तिकडे पाण्याची बोंब. माझं लग्न ठरत होतं तेव्हा वडिलांच्या डोक्यात एकच गोष्ट होती, लेक पाण्याला द्यायची. राहात्याकडचं कालव्याखालचं स्थळ आलं तसे ते आणि चुलते एसटीने चौकशीला गेले. त्यांनी विहीर वाकून पाहिली. पाणी ओंजळीत घेऊन चाखलं. उन्हाळ्यात पाणी किती परस खोल उतरतं, मोटर किती वेळ चालते, कालव्याची पाळी कधी येते, सगळं विचारलं. घरी येऊन आईला सांगितलं, पोरीला डोक्यावर हंडा घ्यावा लागणार नाही. ते शब्द खरे ठरले. मला आयुष्यात कधी डोक्यावर हंडा घ्यावा लागला नाही. नवऱ्याला मात्र किती वेळा खांद्यावर घेऊन आत आणावं लागलं. वडिलांनी पाणी विचारलं, दारू विचारायची त्यांना सुचलीच नाही. आणि शेजारचे न विचारता कशाला सांगतील?

नवरा गेला त्याला आता बराच काळ लोटला. वाईट माणूस नव्हता तो. एवढं म्हणते आणि पुढे जाते, कारण त्याविषयी बोलायला लागले की माझा आवाज चढतो.

त्याच संध्याकाळी भाचीचा फोन आला. ती नगरला बँकेत आहे. मुलगा तिच्याच कॉलेजातला, केमिस्ट्रीचा, तिच्या पुढच्या वर्गात होता. आता त्या कारखान्यात व्हिस्की गाळण्याचं काम बघतो. हे सगळं तिने भराभरा सांगितलं आणि मग हळू आवाजात म्हणाली, "आत्या, तू जाऊन बघ. तू हो म्हणालीस तर बाबा हो म्हणतील."

"आणि मी नाही म्हणाले तर?"

"तर मी पण नाही म्हणेन."

मला रागच आला तिचा. एवढं मोठं ओझं माझ्या गळ्यात घालायची काही गरज होती का? बरं, पोरगी अशी, की बोलली ते करणार. लहानपणी सुट्टीत माझ्याकडे यायची तेव्हा तिने माझं घर पाहिलं होतं. रात्री फाटक वाजलं की ती माझ्या पदराचं टोक मुठीत धरायची. म्हणूनच ती मला विचारत होती, आणि म्हणूनच मला नीट झोप लागेना. खोटं हो म्हणाले तर तिचं आयुष्य जाणार, आणि नुसत्या भीतीपोटी नाही म्हणाले तरी जाणारच.

आमच्याकडे मुलगी देण्याआधी चौकशी करतात ती मुलाकडच्यांना कळू न देता. कुणी खत घ्यायच्या निमित्ताने जातं, कुणी बैल बघायला. आमचं काम सोपं होतं. त्या कारखान्यात दर शनिवारी लोकांना आत फिरवतात, व्हिस्की कशी करतात ते दाखवतात आणि शेवटी चाखायला देतात. ऑनलाइन तिकीट मिळतं. भावाच्या मुलाने ते काढून दिलं. तिकीट काढून स्थळाची चौकशी करणारे आमच्या घराण्यात आम्हीच पहिले असू.

शनिवारी सकाळी भाऊ गाडी घेऊन राहात्याला आला. इस्त्रीचा शर्ट घातलेला, टोपी मागच्या सीटवर ठेवलेली. गळ्यातली तुळशीची माळ त्याने कॉलरच्या आत ढकलली होती आणि वरचं बटण गळा आवळेपर्यंत लावलं होतं.

"असा कुठं पर्यटक असतो का?" मी म्हणाले.

"मग कसा असतो?"

ते मलाही माहीत नव्हतं. राहुरी मागे टाकल्यावर तो म्हणाला, आज शनिवार हाय, शिंगणापूरला तेल वाहून जाऊ. मी म्हणाले, आधी पोरगा, मग तेल. त्याने गाडी सरळ पुढे घेतली. धाकटा असल्याचा हा एक फायदा, मला असतो.

कारखाना नगरच्या अलीकडे, मुख्य रस्ता सोडून आत, डोंगराच्या पायथ्याशी आहे. मी धुराडी आणि मळीचा वास धरून चालले होते, साखर कारखान्याशेजारी असतो तसा. इथे दगडी भिंती, बोगनवेल, पार्किंगमध्ये पुण्याच्या गाड्या. पण गाडीचं दार उघडलं आणि खाली टेकवलेला पाय मी परत आत घेतला. सगळ्या आवारात तो वास होता. गोडसर, आंबूस, उबदार. मी पदर नाकाला लावला, आणि मग पर्यटक असं करत नसतील म्हणून काढला.

त्या क्षणी लक्षात आलं की माझी विद्या इथे कामाची नाही. इथे भिंतींनाही वास येतो. मुलाच्या अंगाला येणारच. मी ओळखणार कशावरून?

माहिती सांगायला एक चुणचुणीत मुलगी होती. आमच्याबरोबर पुण्याहून आलेली कंपनीतली चार-पाच मुलं होती आणि एक नवरा-बायको. तिने आम्हाला आधी धान्याच्या गोदामात नेलं. जव भिजवतात, मोड आणतात, वाळवून भरडतात. मोड आणायचं मला समजलं, ते मटकीसारखंच. एका व्हिस्कीत आमच्या पाथर्डीकडची बाजरीही घालतात, हे ऐकून भावाने मान ताठ केली. मग त्याने हात वर केला. मला वाटलं काहीतरी महत्त्वाचं विचारणार.

"पानी कुठून आनता?" त्याने विचारलं.

बोअरचं आहे, मुलगी म्हणाली.

"उन्हाळ्यात टिकतं का?"

मी त्याच्या दंडाला चिमटा काढला. वडील समोर उभे राहून बोलल्यासारखं वाटलं मला. साठीला आलेला माणूस, लेकीच्या स्थळाची चौकशी करायला आलेला, आणि विचारतोय काय, तर पाणी.

पुढच्या दालनात भरड गरम पाण्यात कालवून मोठ्या टाक्यांत आंबवायला ठेवली होती. कुरडयांसाठी गहू भिजत घालतात आणि तिसऱ्या दिवशी झाकण काढल्यावर जो वास येतो, तसाच. पुण्याच्या मुलांनी नाकं मुरडली. मी नाही मुरडलं. कुरडया मी दरवर्षी करते.

त्याच्यापुढे तांब्याची दोन भांडी होती, माणसाच्या दुप्पट उंच, चकचकीत घासलेली, वर बदकासारखी मान. आणि तिथे तो उभा होता. भाचीने फोटो दाखवला होता, म्हणून ओळखला. फोटोपेक्षा काळा, फोटोपेक्षा बारीक, अंगात ॲप्रन. वाफ वर कशी जाते, थंड होऊन खाली कशी येते, पहिली धार आणि शेवटची धार का घेत नाहीत, हे तो सांगत होता. आवाज साधा होता. फार सभ्य नव्हता, हे मी मनात टिपून घेतलं. भाऊ माझ्या कानाशी आला आणि म्हणाला, "हात बघ, थरथरत न्हाईत." मी त्याला म्हणाले, तू पुढे बघ.

मग लाकडी पिंपांची अंधारी खोली. तिथे ती मुलगी म्हणाली की वर्षानुवर्षं ठेवलेल्या पिंपातून थोडी व्हिस्की उडून जाते, आपल्या उन्हाळ्यामुळे तर फारच. तिला म्हणे देवदूतांचा वाटा म्हणतात. सगळे हसले. मी मनात म्हटलं, आमच्या घरात पिंप असतं तर देवदूत उपाशी मेले असते.

शेवटी चाखायची खोली. लांब टेबल, प्रत्येकासमोर एक छोटा निमुळता ग्लास, आणि मधोमध स्टीलचा जग, ज्यांना गिळायची नाही त्यांनी थुंकायला. इथे सांगायला मुलगी नव्हती, तोच आला. माझ्या भावासमोरचा ग्लास भरला तसा भाऊ खुर्चीत मागे सरकला आणि म्हणाला, "आज शनिवार हाय माझा."

"काका, धान्य चालत नाही का उपवासाला?" पुण्याच्या एका मुलाने विचारलं. "त्यांना साबुदाण्याची द्या."

भावाचा हात आपोआप कॉलरकडे गेला. ॲप्रनवाला मुलगा हसला नाही. "नुसता वास घ्या, काका," तो म्हणाला. "तो बी पुरतो. आमचं काम नाकाचंच हाय." आणि पुढच्याकडे वळला.

मी ग्लास उचलला. इतकी वर्षं हा वास माझ्याकडे आला होता, मी त्याच्याकडे कधी गेले नव्हते. नाकाशी धरला. गुळाचा वास होता. वाळलेल्या बोरांचा. लाकडी कपाटाचा, ज्यात ठेवणीतल्या साड्या असतात. चांगला वास होता. आणि मला इतका संताप आला की ग्लास खाली ठेवावा लागला. जे माझ्या घरात यायचं त्याला असा वास नव्हता, ते स्वस्तातलं, नाक जाळणारं होतं. तरी मला वाटलं, हे असं चांगलं असू नये. निदान वाईट तरी असावं. डोळ्यांत पाणी आलं तेव्हा चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि डोळे पुसले. शेजारची बाई म्हणाली, "स्ट्राँग आहे नाही?" मी म्हटलं, हो.

तेवढ्यात मुलाने कसं चाखायचं ते दाखवायला एक घोट तोंडात घेतला, खेळवला, आणि जगमध्ये थुंकला. भावाने टेबलाखाली माझा हात दाबला. "थुकला, आक्का," तो पुटपुटला. त्याचा चेहरा असा उजळला होता, जणू लग्नाची तारीखच निघाली.

माझा नाही उजळला. लोकांसमोर कुणीही थुंकतो. माझ्या नवऱ्याने तर एकदा सासू-सासऱ्यांसमोर, देवासमोर, अख्खी बाटली मोरीत ओतली होती. रडत ओतली, माझी शपथ घेऊन. घरात सगळ्यांना वाटलं, सुटला. मी तेव्हा त्याच्या तोंडाकडे पाहत होते. त्याचे डोळे त्या धारेवर होते. बाटलीच्या तोंडापासून मोरीच्या भोकापर्यंत ती धार त्याने नजरेने पोहोचवली, आणि बाटली रिकामी झाल्यावर बुचाला बोट लावून ते बोट तोंडात घातलं. स्वतःच्याही लक्षात न येता. मला त्या दिवशी समजलं की हा सुटणार नाही. बाकीच्यांना समजायला पुढे फार वेळ लागला.

म्हणून उठताना मी मनातल्या मनात हिशोब केला. थुंकला हे ठीक. हात थरथरत नव्हते, हेही ठीक. पण हो म्हणण्याएवढं काही दिसलं नव्हतं. आणि जे दिसलं नाही त्यावर लेकरू कसं द्यायचं? गाडीपाशी येईपर्यंत मी मनात नकाराचे शब्द जुळवायला लागले होते. गाडीपाशी आल्यावर कळलं की चष्मा टेबलावरच राहिला.

परत गेले. पुण्याची मंडळी दुकानात बाटल्या घेत होती. चाखायच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. आत तो एकटाच होता, पाठमोरा नव्हे, बाजूने दिसत होता. मोबाईल कान आणि खांद्याच्या मधे दाबलेला, आणि दोन्ही हातांनी टेबल आवरत होता.

"न्हाई वो दादा, तो वॉल न्हाई," तो कुणाला तरी सांगत होता. "टाकीच्या मागं बघा. व्हय, त्यो. आता डावीकडं फिरवा. जोरात न्हाई, तुटंल." समोरची बादली त्याने पायाने जवळ ओढली आणि एकेक ग्लास उचलून तिच्यात ओतायला लागला. कुणाचा घोटभर उरलेला, कुणाचा निम्मा. मग आमच्या जागेपाशी आला. भावाचा ग्लास भरलेला होता, माझाही भरलेला. तेही उचलले. "आलं का पानी? थांबा, हवा असंल पाइपात," असं म्हणत, खिडकीतून बाहेर डोंगराकडे बघत, त्याने ते ओतून दिले. चहाचे उष्टे कप धुवायला टाकावेत तसे. एक धार त्याच्या बोटांवरून मनगटावर आली. त्याने हात ॲप्रनला पुसला आणि पुढचा ग्लास उचलला.

मी दाराची चौकट धरली.  माझ्या घरात इतक्या वर्षांत एक थेंब असा न बघता कुणी ओतला नव्हता. बोट ॲप्रनला पुसलेलं मी कधी पाहिलंच नव्हतं. छातीवर काही बसलेलं होतं हे मला ते उठल्यावर समजलं.

त्याने फोन ठेवला आणि मला पाहिलं. दचकला. मग टेबलावरून चष्मा उचलून, ॲप्रनच्या कोरड्या टोकाने पुसून माझ्यापुढे धरला. "आत्या, चष्मा राहिला व्हय तुमचा?"

"मी कुणाची आत्या?" मी विचारलं.

त्याने खाली पाहिलं. कानापर्यंत लाल झाला. "तिनं फोटो दाखवलावता तुमचा. तुमी येनार हे म्हाईत हुतं. पन ओळख दाखवू नको म्हनली."

म्हणजे आम्ही गुपचूप त्याला बघायला आलो होतो आणि तो सकाळपासून गुपचूप आम्हाला बघत होता. भावाची माळसुद्धा त्याने पाहिली असणार. मला हसू आलं, पण वर्गात हसू आलं तर दाबायची सवय अजून गेलेली नाही. सरळ विचारलं, "पितोस का?"

"चाखतो. कामापुरतं, थुकून. घरी न्हाई." मग म्हणाला, "पन तुमी माझ्या सांगन्यावर जाऊ नका. पिनारा बी हेच सांगंल."

"ते मला ठाऊक आहे."

"दुपारच्याला कच्चा कांदा बी खात न्हाई मी," त्याने उगाच आणखी सांगितलं. "नाक बिघडतं."

कांद्याचं ऐकून मात्र मला जरा काळजी वाटली. आमच्या भावजयीच्या स्वयंपाकघरात कच्च्या कांद्याशिवाय भाकरी वाढत नाहीत. चष्मा लावला आणि निघाले.

भावाने गाडी काढली. मुख्य रस्त्याला लागलो, दोन्ही बाजूंना ऊस सुरू झाला, तरी त्याने काही विचारलं नाही. त्याने माझं घर पाहिलेलं आहे. कितीदा तरी तो मला न्यायला आलेला आहे आणि मला न घेता परत गेलेला आहे. मीच बोलले.

"दोन्ही ग्लास ओतले त्याने. तुझा आणि माझा. भरलेले."

"सांडले का?"

"ओतले. बादलीत. खिडकीबाहेर बघत, फोनवर बोलत. मी आहे हे त्याला माहीत नव्हतं."

त्याने गाडी हळू करून रस्त्याच्या कडेला उसाशेजारी उभी केली. मागच्या सीटवरची टोपी घेतली आणि तोंडावर धरली. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. मग त्याने टोपी डोक्यावर घातली आणि कॉलरचं बटण काढलं.

मी भाचीला फोन लावला. तिने लगेच उचलला. तिचा श्वास ऐकू येत होता, लहानपणी फाटक वाजल्यावर यायचा तसा.

"त्याच्या कपड्यांना वास येईल," मी म्हणाले. "रोज येईल. त्याला घाबरू नकोस. तो कामाचा वास आहे."

ती रडायला लागली. रडता रडता म्हणाली, "मला तो वास चालतो, आत्या. मला वाटलं, तुला चालणार नाही. तू मग घरी यायची नाहीस."

"येईन," मी म्हणाले. "चालेल मला."